‘आलं’ म्हटल्याशिवाय पुढचा आकडा नाही

टेलिफोन खात्यात जन्म काढलेल्या बाईला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, खांबावर चढायला लागायचं का? दुसरा, आवाज जरा बारीक करून, लोकांचं बोलणं ऐकायला मिळायचं का? पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर दिलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. माणसांचं बोलणं मी फार थोडं ऐकलं, आणि जे कानावर पडलं त्यात ‘काय करालीस?’ आणि ‘जेवलीस काय?’ यापलीकडे काही नव्हतं. मी ऐकलं ते यंत्रांचं बोलणं.

अंकाच्या संपादकांनी मला ‘कामातल्या गमतीजमती’ लिहायला सांगितलंय. गमती आहेत, त्या येतीलच. पण हातात पेन धरलं ते एका गंमत नसलेल्या गोष्टीसाठी. खूप वर्षांपूर्वी असल्याच एका दिवाळी अंकात एक विज्ञानकथा छापून आली होती. तिच्यात दोन यंत्रं एकमेकांशी बोलतात. कथेवर नाव होतं माझ्या वरच्या जागेवरच्या मेकॅनिकचं, कल्लाप्पा आण्णांचं. कथा त्यांचीच होती, पण शेवट त्यांचा नव्हता. हे आजवर कुठं बोलले नाही.

आधी मी कोण ते सांगते. मी सुमन, बेळगावच्या वडगावची, विणकराची मुलगी. आमच्या घरात बाहेरच्या खोलीत दोन हातमाग होते आणि दिवसभर त्यांची खटखट चालायची. वडील स्वयंपाकघरात भाकरी खात बसलेले असले तरी माग चालवणाऱ्या काकांना तिथूनच ओरडायचे, “धागा तुटलाय बघ, उजवीकडचा.” आणि तो तुटलेला असायचाच. मला वाटायचं सगळ्यांच्या वडलांना असं ऐकू येतं. पुढं नोकरी लागली, बढतीची परीक्षा दिली आणि चिकोडी तालुक्यातल्या एका एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्या यंत्रांच्या खोलीत उभी राहून मला घरी आल्यासारखं वाटलं. कपाटाएवढ्या उंच यंत्रांच्या रांगा, आणि सगळी खटखटतायत. गावाचं नाव सांगत नाही. तिथली काही गिऱ्हाइकं अजून माझ्यावर खार खाऊन असतील.

आता जरा धंद्याचं. तुम्ही इकडून नंबर फिरवला आणि तिकडे कोल्हापुरात घंटी वाजली, एवढंच तुम्हाला माहीत. मधे काय होतं? तुमच्या गावचं यंत्र पलीकडच्या गावच्या यंत्राला तो नंबर सांगतं. तारेतून सूर काढून सांगतं. प्रत्येक आकड्याला दोन सूर एकदम, पेटीच्या दोन पट्ट्या दाबल्यासारखे. आणि ह्या सांगण्याची एक रीत होती, ती मला फार आवडायची. अलीकडचं यंत्र पहिला आकडा म्हणायला लागलं की ते तो सूर लावून धरायचं, सोडायचं नाही. पलीकडच्याला तो कळला की ते आपला सूर काढून सांगायचं, ‘आलं, पुढचा सांग.’ ते ऐकू आल्यावरच अलीकडचं गप्प बसायचं आणि मग दुसरा आकडा. पलीकडून ‘आलं’ आलंच नाही तर थोडा वेळ वाट बघून नाद सोडून द्यायचं, आणि तुमच्या कानात एंगेजचा टूंटूं. सगळा नंबर पोचला की पलीकडचं वेगळा सूर लावायचं, ‘पुरे, झालं.’ हे सगळं तुम्ही रिसीव्हर कानाला लावून खोकता तेवढ्या वेळात.

आमचं एक्स्चेंज कर्नाटकात, पलीकडचं महाराष्ट्रात. दोन्हीकडचे साहेब एकमेकांना पत्र लिहायचे तर त्याला उत्तर यायला महिना लागायचा, आणि उत्तरात लिहिलेलं असायचं की तुमचं पत्र मिळालं नाही. यंत्रं मात्र दिवसातून हजार वेळा एकमेकांना आलं, आलं करत होती.

ही रीत आम्ही माणसांनीही उचलली. खोलीत एवढा आवाज की एकाचं दुसऱ्याला ऐकू येत नसे. म्हणून कल्लाप्पा आण्णांनी नियम केला होता. या टोकाकडून नंबर ओरडायचा झाला तर एकेक आकडा. समोरच्यानं “आलं” म्हटल्याशिवाय पुढचा आकडा नाही. “दोन!” “आलं!” “सात!” “आलं!” नवीन आलेला कोणी भरभर सहा आकडे एकदम ओरडला तर आण्णा त्याच्याकडे पाठ फिरवून चहाला जात. पुढं पुढं हे आमच्या अंगात इतकं भिनलं की मी घरी नवऱ्याला बाजाराची यादी सांगतानासुद्धा एक जिन्नस सांगून थांबायची. ते बिचारे आधी गोंधळले, मग त्यांनाही सवय झाली. “शेंगदाणे.” “आलं.” “आलं पण आणा.” असले विनोद आमच्याकडे रोज व्हायचे.

गिऱ्हाइकांचं म्हणाल तर दोघं विसरता येत नाहीत. एक निपाणीकडचे तंबाखूचे व्यापारी. एक दिवस तणतणत आले. “तुमचं मशीन माझ्यासंगं कन्नडात बोलालंय! मला कळतंय कन्नड, पर त्यानं इचारायला नको?” ‘सर्व मार्ग व्यस्त आहेत’ ही सूचना टेपवर आधी कन्नडात, मग हिंदीत, मग इंग्रजीत यायची. मी म्हटलं, बोलणारी बाई टेपवरची आहे, तिला तुम्ही कोण ते कळत नाही. ते म्हणाले, “कळत न्हाय तर मग गप बसावं की तिनं.” 

दुसऱ्या एक आक्का. त्यांची लेक कोल्हापूरला दिलेली. आक्का पोस्टातून फोन लावून थेट आमच्या खोलीच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, “बाई, नंबर फिरवला की आधी तारंत कोण तरी लेकरू कुईकुई करतंय. कुणाचं हाय ते? उपाशी हाय काय?” त्या जे ऐकत होत्या ते यंत्रांचे सूर. एका मार्गावर बिघाड होता, त्यामुळे ते गिऱ्हाइकाच्या कानापर्यंत झिरपत होते. आम्ही दोन दिवस शोधून तो बिघाड काढला. पुढच्या आठवड्यात आक्का परत आल्या, आता काय झालं म्हणून मी घाबरले. म्हणाल्या, “लेकरू गप झालं. जेवलं आसंल.” आणि पदराखालून शेंगांचा डबा काढून ठेवून गेल्या.

त्या बिघाडाच्या वेळीच मी कल्लाप्पा आण्णांना खरी ओळखायला लागले. सूर ऐकून आकडा सांगणं आम्हाला थोडं थोडं जमायचं, पण आण्णा टेस्टिंगचा फोन तारेला लावायचे आणि डोळे मिटून सगळा नंबर सांगायचे. त्यात कोणता सूर जरा बसलाय, कोणत्या यंत्राला ‘आलं’ म्हणायला उशीर होतोय, तेही सांगायचे. “पलीकडचं आज दमलंय गं,” म्हणायचे. तपासलं की खरंच तिकडची बॅटरी उतरलेली असायची. मला वडलांची आठवण यायची.

आण्णा सदलग्याचे. घरात मराठी, शाळा सगळी कन्नडात. आमच्या भागात अशी पुष्कळ माणसं आहेत, दोन्ही भाषा तोंडात आणि लिहायला एकच. आण्णांना वाचनाचं मात्र वेड. मराठीही वाचायचे, ओठ हलवत, सावकाश. आणि वाचायचे काय, तर विज्ञानकथा! रद्दीवाल्याकडून जुनी मासिकं उचलून आणायचे. पिवळी पडलेली पानं, चित्रात चौकोनी डोक्याचा लोखंडी माणूस. अशा मासिकांची एक ट्रंक बॅटरीच्या खोलीत ठेवलेली होती. दुपारच्या जेवणानंतर ते मलाही एकेक द्यायचे.

त्या कथांमध्ये यंत्रं एकमेकांशी बोलायला लागली की पुढं काय होणार ते मी तिसऱ्या पानावर सांगायची. शास्त्रज्ञ खोलीबाहेर गेला, दिवे लुकलुकले, एक यंत्र दुसऱ्याला म्हणालं, ‘मानवाची गरज संपली आहे.’ बस्स, ठरलेलं. कधी यंत्रं मंगळावरची असायची, कधी कारखान्यातली, पण दोघं बोलली की कट केलाच समजा. आण्णा यावर फार चिडायचे.

“ह्या लिवनाऱ्यांनी मशीन बघितलंय तरी काय?” ते म्हणायचे. “दोघं जण कोपऱ्यात बोलालेत म्हंजे आपल्याबद्दलच बोलालेत, ह्यो मानसाचा रोग. मशीनला आपलं काय पडलंय?”

“मग काय बोलतील आण्णा?”

“रोज ऐकतीस की. आलं काय? आलं. हाईस काय? हाय. दुसरं काय बोलतंय त्ये?”

मी म्हटलं, पण एवढ्यावर गोष्ट कशी होणार? कट नाही, मारामारी नाही. आण्णा उठून कामाला लागले. तीनेक महिन्यांनी त्यांनी माझ्यासमोर एक शंभरपानी वही ठेवली. आत शाईनं, मोठ्या गोल अक्षरात, कन्नड लिहिणाऱ्याचं वळण असलेल्या मराठीत एक कथा लिहिलेली होती. बारा पानं.

कथा अशी होती. नदीच्या दोन काठांवर दोन एक्स्चेंज. यंत्रं जुनी, एकमेकांच्या सवयीची. एक दिवस पूर येतो आणि पुलावरून गेलेली केबल तुटते. ती तुटते तेव्हा अलीकडचं यंत्र एका नंबरातला शेवटचा आकडा सांगत असतं. आता पलीकडून ‘आलं’ येत नाही. नियमाप्रमाणे यंत्रानं थोडा वेळ थांबून नाद सोडायला पाहिजे. हे यंत्र सोडत नाही, सूर लावून धरतं. बाकी कथा म्हणजे अकरा दिवस ते यंत्र वाट बघतं आणि गावातली माणसं त्याच्या भोवती आपापले उद्योग करतात, एवढीच. शेवटी केबल जोडली जाते आणि पलीकडून उत्तर येतं.

“तू बामनी मराठी लिवतीस,” आण्णा म्हणाले. मी विणकराची, पण शुद्ध लिहिणाऱ्या सगळ्यांनाच आण्णा तसं म्हणायचे. “पक्कं करून दे. अंकाला पाठवूया.”

मी शुद्ध करून, झोकात पक्की प्रत काढली आणि पाठवली. महिन्यात परत आली. सोबत त्या अंकाच्या संपादकांची चिठ्ठी होती, आमच्या एक्स्चेंजच्या पत्त्यावर, माझ्याच नावानं, कारण पत्र मी लिहिलं होतं. कल्पना नवी आहे, असं त्यांनी लिहिलं होतं, पण शेवटी काही घडत नाही. यंत्रं एकमेकांशी बोलतात, तर त्यांनी काही ठरवायला नको का? शेवट बदलून पाठवल्यास विचार करू.

आण्णा त्या आठवड्यात रजेवर होते. ते येईपर्यंत थांबायला मला काय झालं होतं? मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. त्यांचं नाव छापून यावं असं मनापासून वाटत होतं, हे खरं. पण तेवढंच खरं नाही. मला वाटत होतं की मला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं. मराठी शाळेत शिकलेली मी, निबंधात बक्षिसं मिळवलेली. मी एका बैठकीत दीड पान नवा शेवट लिहिला. अकरा दिवसांच्या एकांतात यंत्र विचार करायला शिकतं, केबल जोडल्यावर दोन्ही यंत्रं माणसांचे सगळे संवाद तोडायचं ठरवतात, आणि दोन्ही काठांवर ‘मूकबधिर नगरी’ पसरते. जे वाचून आण्णा चिडायचे, नेमकं तेच. आणि ते लिहून मला आपला फार अभिमान वाटला होता.

आण्णा रजेवरून आले तेव्हा मी त्यांना एवढंच सांगितलं, “कथा घेतली त्यांनी.”

अंक आला त्या दिवशी एक्स्चेंजमध्ये भजी आणली होती. लाईनमननी आण्णांच्या गळ्यात केबलची रंगीत वायर गुंफून हार घातला. आण्णा खुर्चीत बसून ओठ हलवत सगळी कथा वाचत होते आणि आम्ही भोवती उभे. शेवटच्या पानावर त्यांचे ओठ थांबले. मग त्यांनी अंक मिटला, मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

“शेवट तिकडंच बदलला काय?”

मी म्हटलं, “व्हय आण्णा. संपादकांनी.”

“बरं,” ते म्हणाले. “छापलं, बरं झालं.” आणि हार काढून त्यातली वायर परत कामाला येईल म्हणून गुंडाळून ठेवली.

त्यांनी परत कथा लिहिली नाही. विचारलं तर म्हणायचे, वेळ कुठाय. ट्रंकेतली मासिकं हळूहळू उंदरांनी खाल्ली. मूळ वही माझ्याकडेच राहिली. परत द्यावी तर शेवट समोर येणार, टाकून द्यावी तर हात होत नव्हता. बदली होईल तशी ती माझ्या कपड्यांच्या पेटीतून गावोगाव फिरली.

काळ पुढं गेला. केबलच्या जागी काचेची तार आली, सूर बंद झाले, यंत्रं कपाटाएवढी होती ती डब्याएवढी झाली. ती अजूनही बोलतात, पूर्वीपेक्षा लाखपटीनं जास्त बोलतात, पण कानाला ऐकू येणारं काही राहिलं नाही. आण्णा निवृत्त झाले, मीही झाले. आता माझ्या हातातला मोबाईलसुद्धा घडीघडीला टॉवरला सांगत असतो, मी हाय, मी हाय. निपाणीकडे नणंदेच्या घरी गेले की तो स्वयंपाकघरात कर्नाटकातला टॉवर धरतो आणि परसात महाराष्ट्रातला. लोक म्हणतात, ही यंत्रं आपलं सगळं एकमेकांना सांगतात, यांचा काहीतरी डाव आहे. डाव असला तर तो यंत्रं ठेवणाऱ्या माणसांचा असेल, त्याबद्दल मला शंका नाही. यंत्रांचं मी ऐकलंय, म्हणून मी तरी आण्णांच्याच बाजूची आहे.

आण्णांचा एक रिवाज होता. दर संक्रांतीला सकाळी त्यांचा फोन यायचा. “तिळगूळ घे, गोड बोल.” मी म्हणायची, “तुम्ही पण घ्या आण्णा.” मुलाबाळांची चौकशी व्हायची. आणि मग ते गप्प व्हायचे. फोन ठेवायचे नाहीत, नुसते गप्प. मी विचारायची, “आणि काय आण्णा?” ते म्हणायचे, “तूच सांग.” मी काहीतरी हवापाण्याचं बोलायची. ते हं हं करायचे, आणखी थोडं थांबायचे आणि मग “बरं, ठेवतो” म्हणायचे. वीस-बावीस संक्रांती तरी असं झालं असेल.

तीन वर्षांपूर्वी फोन आला नाही. खरं सांगते, पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या वर्षीही आला नाही, तेव्हा मी केला. त्यांच्या सुनेनं उचलला. “मामांस्नी ऐकूच येत न्हाय आता, आक्का. कानाचं मशीन लावलं, त्येचाबी उपेग न्हाय. फोन हातात धरून बसत्यात कवा कवा.” ज्या माणसानं सुरावरून पलीकडची बॅटरी ओळखली, त्याच्या कानांचं हे झालं. मी फोन ठेवला आणि खूप रडले. तरीही जायला मला आणखी जवळजवळ दोन वर्षं लागली. या अंकाचं पत्र आलं नसतं तर कदाचित गेलेही नसते.

गेल्या महिन्यात सकाळच्या एसटीनं सदलग्याला गेले. पिशवीत वही होती. आण्णा बाहेरच्या सोप्यात खुर्चीवर बसले होते. अंगानं निम्मे झालेत, पण चष्म्यातून बघणं तसंच, समोरच्याचा बिघाड शोधणारं. सुनेनं चहा ठेवला आणि एक पाटी आणि खडू आणून दिला. “लिहून दावा, वाचत्यात झ्याक.”

मी ओरडून बोलायला गेले तर त्यांनी हात वर केला, पाटीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “एक एक.”

मी लिहिलं, ‘मी सुमन.’

“आलं,” आण्णा म्हणाले. “डोळं शाबूत हाईत माजं. पुढं.”

पुसून लिहिलं, ‘तुमची कथेची वही आणली आहे.’

ओठ हलवत वाचलं. “आलं.”

मग मी पाटी नीट पुसली. अक्षर मोठं काढलं. ‘शेवट संपादकांनी बदलला नव्हता. मी बदलला. तुमच्याशी खोटं बोलले.’

पाटी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी वाचलं. ‘आलं’ आलं नाही. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला, तो त्यांना ऐकू आला नाही, पण जमीन हादरली तसं त्यांनी दाराकडे बघितलं. मग परत पाटीकडे. मला वाटलं आता पाटी खाली ठेवावी, म्हाताऱ्या माणसाला का छळावं. पण आम्ही ज्या खोलीत वाढलो तिथला नियम मला माहीत होता. मी पाटी तशीच धरून राहिले. हात भरून आला.

“ह्ये कवाच आलतं,” आण्णा म्हणाले.

मी पाटी खाली घेतली.

“छापल्यालं वाचलो त्याच दिवशी आलतं. मूकबधिर नगरी म्हनं! माज्या बापानं तरी वापरला हुता काय गं ह्यो शब्द? संपादकाला काय गरज पडलीया एवढं नटवायची? तुजंच हुतं त्ये.”

मी घाईनं लिहिलं, ‘मग इतकी वर्षं बोलला का नाही?’

त्यांनी वाचलं, आणि पहिल्यांदाच हसले.

“तू पाठीवलंच न्हाईस. न पाठीवलेल्या आकड्याला आलं कसं म्हनू मी? दर संक्रांतीला लाईन धरून बसायचो. तूच सांग, तूच सांग. तू आपली हवापान्याचं.” थोडं थांबून म्हणाले, “मला राग आलता, आलता न्हाय कशाला म्हनू. लिवायचं मन मोडलं माजं. पर लाईन तोडली न्हाय.”

मी पाटी मांडीवर ठेवून रडत होते. सुनेला काय झालं कळेना. आण्णांनी माझ्या हातातून खडू काढून घेतला, कपबशीकडे बोट करून म्हणाले, “च्या निवला. पी.” मग वही उघडून शेवटची दोन पानं, ओठ हलवत, सावकाश वाचली. वाचून झाल्यावर बराच वेळ त्या पानावर तळहात ठेवून बसले.

मी खडू मागून घेतला. ‘दिवाळी अंकात छापू का? तुमचा शेवट?’

“आलं. छाप.”

‘शुद्ध करू का जरा?’

आण्णांनी चष्म्यावरून बघितलं. “हात लावशील तर बघ.”

म्हणून हात लावला नाही. पाटी पुसून ठेवली, चहा प्यायले आणि दुपारच्या गाडीनं परत आले. पूर्वी एका दिवाळी अंकात नदीकाठच्या दोन यंत्रांची कथा ज्यांनी वाचली असेल, त्यांनी तिचा शेवट कृपा करून विसरावा. तो माझा होता. कथाकाराचा शेवट हा असा, वहीत आहे तसा:

“अकराव्या दिवशी पानी उतारलं. दोघं तारवाले नावंत बसून गेले आनी तुटल्याली केबल जोडली. जोडून त्यांनी कानाला फोन लावला. तर अलीकडचं मशीन आजून त्योच आकडा सांगत हुतं. पाच. अकरा दिवस तेवढंच. एक तारवाला म्हनाला, ह्येला कुनी सांगितलं न्हाय काय सोडून दे म्हनून. दुसरा म्हनाला, गप, ऐक. मग पलीकडनं आवाज आला. आलं.”